तिचा गाल, माझा अल्बम

आधी एक सांगून टाकते. तीस वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये मी एकाही माणसाला गोरं केलेलं नाही, आणि कुणाला दहा वर्षांनी लहानही केलेलं नाही. संपादकांनी फोनवर ‘चेहऱ्याचं तारुण्य कसं टिकवावं’ असा विषय सुचवला, तेव्हा मी म्हटलं, लिहीन, पण तुम्ही मागताय ते लिहिणार नाही. ते सज्जन आहेत, हो म्हणाले. आता भोगतील.

मी प्लास्टिक सर्जन. नांदेडला माझा दवाखाना होता आणि दर गुरुवारी लातूरला एका मित्राच्या हॉस्पिटलात ओपीडी. आमच्या भागात प्लास्टिक सर्जन म्हणजे काय हे समजावण्यातच माझी पहिली काही वर्षं गेली. नाकाचं ऑपरेशन ठरलेल्या जळकोटच्या एका बाईंनी मला फार काळजीनं विचारलं होतं, “उन्हात इतळणार न्हाई ना?” मी हसले नाही. ज्याला जे सांगितलंच गेलं नाही, ते त्यानं असंच समजून घ्यायचं असतं.

आज त्याच नांदेडात एका रस्त्यावर मला तीन पाट्या दिसतात. तिन्हींवर ‘रिजनरेटिव्ह एस्थेटिक्स’ असं लिहिलेलं आहे. अर्थ साधा आहे. बाहेरचं काही चेहऱ्यात भरायचं नाही, माणसाचंच रक्त आणि माणसाचीच चरबी घेऊन त्याच्या मेलेल्या कातडीला पुन्हा जीव आणायचा. पाटीवर एक परदेशी बाई हसत असते. तिच्या चेहऱ्याला जन्मात कधी माशीसुद्धा चावलेली नसावी. तिला पाहिलं की माझं डोकं उठतं, कारण आमच्याकडं हे काम तिच्यापासून सुरू झालं नाही. ते भूकंपात ढिगाऱ्याखालून काढलेल्या पोरांपासून सुरू झालं, आणि त्यातल्या एका मुलीचं मी जे केलं ते कुठल्याच पाटीवर लिहिलेलं नाही.

विसर्जन आटोपून लोक झोपले होते आणि दगडमातीच्या जाड भिंती त्यांच्या अंगावर आल्या, हे सगळ्यांना माहीत आहे. दुसऱ्या दिवशी आम्ही नांदेडहून सहा-सात डॉक्टर गेलो. वरून पाऊस चालू होता. जखमा नव्हत्याच त्या, चिखल भरलेले खड्डे होते.

जखमेचा एक नियम आहे, तो कंपाउंडरलाही माहीत असतो. मातीत माखलेली जखम घाईनं शिवायची नसते. धुवायची, परत धुवायची, मेलेलं मांस काढायचं आणि उघडी ठेवायची. चार-पाच दिवसांनी स्वच्छ दिसली तर टाके. चेहऱ्याला रक्तपुरवठा भरपूर असतो म्हणून तिथं थोडी सवलत मिळते, पण धुण्यातून सवलत नाही. आमच्या शेजारच्या तंबूत बाहेरून एक पथक आलं होतं. कुठलं ते लिहीत नाही. त्यांचा बॅनर आधी लागला, मग टेबल लागलं. कुणी तरी सारखे फोटो काढत होतं आणि उघड्या जखमेपेक्षा शिवलेली जखम फोटोत बरी दिसते. त्यांनी धडाधड शिवल्या. मी जाऊन भांडले, तर त्यातले एक ज्येष्ठ मला म्हणाले की बाई, पाणी कुठंय? पाणी खरंच नव्हतं. टँकर कुणा पाहुण्यांच्या ताफ्यामागं अडकला होता. रांग संपत नव्हती, आया पोरं पुढं करत होत्या, आणि संध्याकाळपर्यंत मीही न धुता शिवू लागले. दुसऱ्यांवर ओरडणं मला चांगलं जमतं, म्हणून हे आधी लिहून ठेवते.

दोन वर्षांनी अहमदपूरहून गिरजाबाई नावाची एक बाई दहा वर्षांच्या भाचीला घेऊन माझ्याकडं आली. भाचीला मी इथं महानंदा म्हणेन. भूकंपात तिचे आईवडील आणि धाकटा भाऊ गेले होते, गावही गेलं होतं. आत्यानं तिला सांभाळलं. आत्याचा नवरा, म्हणजे तिचे मामा, एका शाळेत शिपाई होते.

तिच्या एका गालात अंगठा बसेल एवढा खड्डा होता. कुणी तरी न धुता शिवलं, चौथ्या दिवशी आत पू झाला, टाके तुटले, गालातलं मांस सडून गेलं. उरलेली कातडी खाली हाडाला चिकटली होती. तिच्यात निळेकाळे ठिपके दिसत होते. ती माती होती. गावची माती तिच्या गालात शिवून टाकली होती. तो गाल मी शिवला नव्हता, एवढी मला खात्री आहे. त्या दिवशी शिवलेल्या बाकीच्यांचं काय झालं, हे मला माहीत नाही.

मी ठिपके काढता येतील म्हटलं तर गिरजाबाई घुटमळल्या. म्हणाल्या, “गाव ग्येलं, मानसं ग्येली. गावची एवढीच माती ऱ्हाईली हिच्यापाशी. काढावी का ऱ्हाऊ द्यावी, कळंना गेलंय बाई.”

“काढा,” महानंदा म्हणाली.

का, ते नंतर समजलं. तिच्या शाळेत दर वर्षी भूकंपाच्या दिवशी प्रार्थनेनंतर दोन मिनिटं शांतता पाळत. त्याआधी हेडमास्तर तिचं नाव पुकारून तिला पुढं बोलवत आणि सगळ्या शाळेसमोर उभं करत. मुलांना प्रसंगाचं गांभीर्य कळावं म्हणून. चारशे पोरं दोन मिनिटं तिच्या गालाकडं बघत. हेडमास्तर दुष्ट नव्हते. दरवर्षी तिला वही आणि कंपासपेटी द्यायचे. मी त्यांना रागाचं पत्र लिहिलं, त्याचं उत्तरही आलं की मुलीला सहानुभूती मिळावी हाच हेतू आहे. त्या पोरीला सहानुभूती नको होती. तिला अशी एक जागा हवी होती जिथं तिला कुणी उभं करणार नाही. बाकी सगळं तिचं ती बघणार होती.

माती आम्ही खरवडून, ठिपका ठिपका सुईच्या टोकानं काढली. खड्डा राहिला. शेजारचं मांस फिरवून आणायचं तर नवा व्रण झाला असता. सिलिकॉन बसवायचं तर वरची पातळ कातडी फाटली असती. वाढीचं वय होतं, म्हणून मी थांबायचं ठरवलं.

थांबणं म्हणजे विसरणं नव्हे. लातूरला जाताना माझी एसटी अहमदपूरच्या स्टँडवर दहा मिनिटं थांबायची. दोन-तीन महिन्यांतून एकदा आत्या-भाची तिथं येऊन उभ्या राहायच्या. ड्रायव्हर चहाला गेला की मी खिडकीतून तिरप्या उन्हात तिचा गाल बघायची, चिमटीत धरून बघायची. कातडी चिमटीत येत नसे. अख्खी गाडी आमच्याकडं बघायची. तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही की हेही एक उभं करणंच झालं.

ती चौदा वर्षांची झाली त्या सुमाराला मी चरबीच्या कामाबद्दल वाचत होते. बाहेरच्या देशांत काही सर्जन सिरिंजनं चरबी काढून चेहऱ्यात भरत होते. मी मुंबईला जाऊन एकांकडं बघून आले. काम दिसायला सोपं आहे. पोटाच्या किंवा मांडीच्या चरबीत बोथट टोकाची बारीक नळी घालायची आणि दट्ट्या हातानं ओढत सावकाश चरबी काढायची. मग सिरिंज उभी ठेवायची. वर तेल तरंगतं, तळाला रक्ताचं पाणी बसतं, मधली पिवळी चरबी कामाची. ती गालात थेंब थेंब, वेगवेगळ्या थरांत सोडायची. प्रत्येक थेंबाला चहूबाजूंनी जिवंत मांस लागलं पाहिजे, तरच त्याला रक्त मिळतं. एका जागी ढीग केला तर मधला भाग मरतो. पेरणी दाट झाली की काय होतं ते आमच्याकडं कुणाला शिकवावं लागत नाही. एवढं करूनही निम्मी चरबी चार महिन्यांत विरघळते, म्हणून दोन-तीन खेपा कराव्या लागतात.

आणि चरबी ज्याची त्यालाच चालते. अहमदपूरच्या मोंढ्यातले एक आडते देवीचे व्रण भरून घ्यायला आले होते, मुलाच्या सोयरिकीआधी. अंगानं काडी. मी म्हटलं, तुमच्याकडं काढण्याजोगी चरबीच नाही. त्यांनी शेजारी बसलेल्या बायकोकडं बोट केलं आणि म्हणाले, “हिच्यापाशी लई हाय, हिची घ्या.” ती माउली शांतपणे म्हणाली, “घ्या बाई. पर मग तोंड बी माझंच ऐकंल.” त्या दिवशी मी प्रॅक्टिसमध्ये पहिल्यांदा खुर्चीतून उठून बाहेर जाऊन हसले.

महानंदाची चरबी मांडीतून काढली. बारकी पोरगी, शोधावी लागली. आधी चिकटलेला व्रण आतून सुईनं सैल केला, मग भरलं. चार महिन्यांनी अपेक्षेप्रमाणे निम्मं विरघळून खाली बसलं. मी अहमदपूरच्या स्टँडवर हिरमुसून बघत होते, तेवढ्यात गिरजाबाई म्हणाल्या, “बाई, खड्डा ऱ्हाऊ द्या. कातडं बघा की. हाताला येऊन राह्यलंय.”

मी चिमूट घेतली. कातडी आली. जी चार वर्षं लाकडासारखी होती ती मऊ झाली होती, तिचा रंग शेजारच्या कातडीकडं झुकला होता आणि तिच्यावर बारीक लव फुटली होती. मी खड्डा भरायला गेले होते. कातडीसाठी मी काहीही केलं नव्हतं. आणि हे बघून मी काय करावं? गिरजाबाई रोज करडीचं तेल चोळत होत्या, म्हणून केसपेपरवर ‘तेलाचा परिणाम?’ असं लिहून टाकलं आणि गाडीत बसले. एक अशिक्षित बाई मला माझ्याच धंद्यातली सर्वांत मोठी गोष्ट दाखवत होती आणि मी ती तेलाच्या खात्यात टाकली.

पुढच्या वर्षात भाजलेल्या दोन बायकांच्या गळ्यावर तेच झालं. त्यांनी तेल लावलं नव्हतं. तेव्हा कुठं माझी ट्यूब पेटली. चरबी नुसता भराव नव्हता, तिच्यात असं काही होतं जे नव्या रक्तवाहिन्या आणत होतं आणि कातडी दुरुस्त करत होतं. ते काय, त्याची नावं नंतर आली. जगात इतर सर्जनांनाही त्याच सुमाराला हेच दिसत होतं. पहिली मी नव्हे. पण मराठवाड्यात बसून, पुस्तकात छापून यायच्या आधी मी ते बोटांनी तपासलं होतं, आणि मला त्याचा फार गर्व झाला.

त्या गर्वातून अल्बम झाला. प्रत्येक पेशंटचे मी आधीचे आणि नंतरचे फोटो काढत असे. त्यातले निवडक एका जाड अल्बममध्ये लावले. डोळ्यांवर काळी पट्टी चिकटवली, खाली टाइप करून दोन ओळी: कशाची जखम, किती खेपा. महानंदाचं पान पहिलं. ‘भूकंपातील जखम. मुलगी, अहमदपूर.’ फोटो काढायला तिच्या आत्याची सही मी घेतली होती. ते कुणाला दाखवायचे, हे विचारलं नव्हतं. विचारायचं असतं हे मला माहीत होतं. पण तेव्हा कोणीच विचारत नसे, आणि सगळे करतात ते आपण केलं की चूक वाटत नाही.

अल्बम लातूरच्या ओपीडीत बाकावर पडलेला असायचा. तोवर लातूरला क्लासेसचा महापूर आला होता. गल्लीगल्लीत होस्टेल, मेस आणि चौकाचौकात पोरांचे चेहरे. एक वेळ अशी आली की त्या शहरात ‘सर’ म्हणून हाक मारली तर रस्त्यातले निम्मे लोक मागं वळून बघायचे. माझी ओपीडी सोळा-सतरा वर्षांच्या पोरांनी भरून गेली. मुरुमांचे खड्डे, आणि त्याहून वाईट म्हणजे क्रीम. मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळणारं, स्टिरॉइड मिसळलेलं क्रीम. आठ दिवस चेहरा चकाकतो, मग कातडी पातळ होते, लाल होते, उन्हात आग होते, आणि बंद केलं की दुप्पट उसळतं. अख्ख्या होस्टेलच्या मुली एकीचं बघून दुसरी असं लावत होत्या. चेहरा कांद्याच्या पापुद्र्यासारखा झालेल्या एका मुलीचा बाप मला विचारतो, परीक्षेच्या आत उतरेल का? मी म्हटलं, परीक्षा परत देता येते, कातडी परत येत नाही. त्याला ते पटलं नाही. मेडिकलवाल्याला मी दुकानात जाऊन झापलं. तो म्हणाला, मी नाही विकलं तर शेजारचा विकतो. शेजारच्याकडं गेले, तो तेच म्हणाला.

अशात महानंदा अकरावीला लातूरला आली. हुशार होती. मामांनी धडपड करून एका क्लासमध्ये घातलं. होस्टेलवर तिनं सांगितलं, लहानपणी बैलगाडीवरून पडले. बस्स. कुणी दुसऱ्यांदा विचारलं नाही. दोन वर्षं ती लातुरात भूकंपातली महानंदा नव्हती, नुसती एक मुलगी होती, गालात थोडा खड्डा असलेली. मला भेटली तेव्हा हसत होती. मी तिला हसताना क्वचितच पाहिलं होतं. दुसरी खेप बारावीच्या परीक्षेनंतर करायची ठरली.

निकाल चांगला लागला. क्लासमध्ये तिसरी आली. त्या गुरुवारी क्लासचे सर पेढ्यांचा पुडा घेऊन माझ्या ओपीडीत आले. बोलणं गोड. म्हणाले, मुलीचं तुम्ही फार केलंत, आता आम्हालाही थोडं करू द्या. मोठा बॅनर करायचाय. ढिगाऱ्यातून यशाच्या शिखरावर, असं काहीतरी. तुमच्याकडचा तिचा लहानपणीचा फोटो द्या. आणि एक विनंती होती, दुसरं ऑपरेशन सत्कारापर्यंत थांबवता येईल का? स्टेजवर लोकांना दिसलं पाहिजे ना.

मला समजायला दोन क्षण लागले. त्यांना तो खड्डा हवा होता. भरून गेला असता तर त्यांचं नुकसान झालं असतं. मी विचारलं, मुलीला विचारलंत? म्हणाले, मामांशी बोलणं झालंय, त्यांच्या धाकट्या मुलीची पण पुढं ॲडमिशन आहे आपल्याकडं. मी पेढ्यांचा पुडा त्यांच्या हातात परत दिला आणि शिपायाला म्हटलं, यांना बाहेरचा रस्ता दाखव. माझा आवाज गेटपर्यंत गेला, असं नंतर सिस्टर म्हणाल्या. मामांनाही मी फोनवर सोडलं नाही. सोमवारीच महानंदाला नांदेडला बोलावून दुसरी खेप करून टाकली. मला वाटलं, जिंकले.

पंधरा दिवसांनी लातूरला उतरले तर चौकात बॅनर. महानंदाचा चेहरा दोन मजली. गालावर खड्डा, काळाभोर, कॉम्प्युटरवर काढलेला. आणि तो दुसऱ्याच गालावर. झालं होतं असं की त्यांनी तिचा क्लासच्या फॉर्मवरचा फोटो घेतला होता. महानंदा फोटोला नेहमी चांगला गाल पुढं करून बसायची. ऑपरेटरला व्रण दाखवायला सांगितलं होतं, म्हणून त्यानं समोर दिसणाऱ्या गालावर काढून दिला. अख्ख्या लातूरला त्यात काही चुकलंय असं वाटलं नाही.

मी रिक्षा करून थेट क्लासवर गेले. दोनशे पोरं आत बसली होती, त्यांच्यासमोर सरांना जे बोलायचं ते बोलले. पोरीच्या धडक्या गालाला भोक पाडलंत, असं काहीतरी म्हटल्याचं आठवतं. सर शांत होते. म्हणाले, मॅडम, प्रेरणा मिळते मुलांना. मी आणखी चढले. एवढ्यात दारात महानंदा दिसली. कागदपत्रं न्यायला आली होती. गालावर खेपेची सूज अजून होती. ती म्हणाली, म्याडम, चला. आणि माझा हात धरून मला जिन्याखाली आणलं.

मी अजून सरांवरच बोलत होते. तिनं मला बोलू दिलं. मग विचारलं, “सरांना कुठून कळलं, हे इचारलं का तुम्ही?”

मला वाटलं, मामांनी सांगितलं असेल.

“मामा न्हाई. सर मामाकडं नंतर ग्येले. माझी रूममेट पुटकुळ्या दाखवायला आलती तुमच्याकडं. बाकावर अल्बम होता. पैलंच पान.”

मी म्हटलं, अगं पण डोळ्यांवर पट्टी...

“पट्टी डोळ्यावर होती, म्याडम. खड्डा उघडाच होता. मला काय डोळ्यानं ओळखत्यात का लोक?”

ती रडत नव्हती. रडली असती तर मी तिला जवळ घेतलं असतं आणि सुटले असते. ती हिशेब सांगितल्यासारखं सांगत होती. “सरांनी एक डाव फोटो मागितला तरी. तुम्ही इचारलं बी न्हाई. शाळंत वर्षाला एकदा उभं करून राह्यले होते मला. तुम्ही दर गुरुवारी.”

मी म्हटलं, फोटो देते. हॉस्पिटलात जाऊन अल्बममधलं पहिलं पान फाडून तिच्या हातात दिलं. तिनं घडी न घालता वहीत ठेवलं आणि गेली. तिसरी खेप व्हायची होती. तिसऱ्या खेपेला ती आली नाही. अहमदपूरच्या स्टँडवर गाडी थांबली की मी बरीच वर्षं खाली उतरत असे. कुणी नसायचं.

निगेटिव्ह मी दिल्या नव्हत्या. तिला निगेटिव्ह असतात हे सुचलं नसावं, मला सुचलं होतं. त्या पाकिटात घालून कपाटात ठेवल्या. पुढं एका परिषदेत मोठ्या शहरातल्या एका सर्जनांनी चरबीनं कातडी सुधारते हे पडद्यावर दाखवलं आणि टाळ्या घेतल्या, तेव्हा मी शेवटच्या रांगेत बसून जळत होते. माझ्याकडं त्यांच्या आधीचा पुरावा होता. तो वापरायची हिंमत नव्हती आणि टाकून द्यायचीही नव्हती. माणूस आपल्या चुकीतूनही आपली फुशारकी वेगळी काढून ठेवतो, हे मी स्वतःवरून सांगते.

या वर्षी त्या तीन पाट्यांपैकी एका पाटीचा तरुण डॉक्टर घरी आला. नमस्कार वगैरे झाला. मग म्हणाला, मॅडम, या भागातली पहिली केस तुमची, आम्ही क्लिनिकमध्ये एक भिंत करतोय, जुने फोटो मिळतील का? बॅनरवाल्या सरांसारखंच गोड बोलत होता. माझं डोकं भणाणलं. पण खरं सांगते, त्याला घालवून दिल्यावर मी कपाट उघडून पाकीट हातात घेतलं आणि बराच वेळ ‘पहिली केस’ हे दोन शब्द मनात घोळवले. तेव्हा मला माझीच किळस आली.

महानंदा नांदेडलाच आहे, पाटबंधारे खात्यात अभियंता. पत्ता काढून गेले. तिनं ओळखलं, आत घेतलं, चहा केला. वय झालंय तिचंही, केसात पांढरे दिसतात. गालाचा तिसरा हिस्सा अजून भरायचा आहे हे मला बसल्याबसल्या दिसलं. मी बघतेय हे तिलाही दिसलं, पण तिनं मान वळवली नाही. मी पाकीट पुढं केलं आणि काय आहे ते सांगितलं. इतकी वर्षं का ठेवलं तेही सांगितलं. तिनं निगेटिव्हची एक पट्टी खिडकीपुढं धरून पाहिली, परत पाकिटात घातली आणि पाकीट मांडीवर ठेवलं. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि मीही मागितलं नाही.

उठताना मी विचारलं, हे सगळं दिवाळी अंकात लिहू का? नाव बदलून. तू नको म्हणालीस तर नाही लिहिणार. आयुष्यात पहिल्यांदा तिला विचारत होते.

तिची भाषा आता ऑफिसातली झाली आहे. म्हणाली, “लिहा. मातीचं लिहा, आत्याचं लिहा. पण गाल कोणता ते लिहू नका. लोकांना दुसराच माहीत आहे. राहू द्या.”

घरी येऊन लिहायला बसले. लिहून झाल्यावर वाचून काढलं, तर दोन ठिकाणी कोणता गाल ते लिहिलं गेलं होतं. खोडलं.